आमची आवड (हात लावू नये)

सुरळीत चाललेल्या गोष्टीचा प्रस्ताव करू नये, हे मला आता कळलं आहे. कळून उपयोग काही नाही, बैल गेला आणि झोपा केला अशातली गत आहे. पण आपल्या कार्यालयात काहीतरी चांगलं करावं असा विचार दुसऱ्या कुणाच्या मनात डोकावत असेल, तर त्यानं आधी पेलाभर पाणी प्यावं, थोडं आडवं व्हावं, आणि तरीही विचार गेला नाही तर माझी ही हकीकत वाचावी.

मी सार्वजनिक वाचनालयात सहायक आहे. देवघेवीच्या टेबलावर बसतो. आलेलं पुस्तक घ्यायचं, जाणाऱ्या पुस्तकावर शिक्का मारायचा, आणि मध्ये वेळ मिळाला तर शिक्क्याची तारीख बदलायची, असं कामाचं स्वरूप. लोकांना वाटतं वाचनालयातली माणसं दिवसभर वाचत असतात. मिठाईच्या दुकानातला माणूस दिवसभर मिठाई खात नाही, तसंच हे. तरीही मी बरंच वाचलेलं आहे आणि मला आवड आहे. ही आवड कुणाला कळावी अशी माझी इच्छा होती. सगळं तिथून सुरू झालं.

खरं म्हणजे एका माणसाला ती कळलेली होती. आमच्याकडे दर शनिवारी एक निवृत्त मोजणीदार यायचे. जन्मभर त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. उंच, वाळलेले, हातात कापडी पिशवी. पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवायचे, त्याच्यावर एक वाक्य बोलायचे आणि विचारायचे, "आज काय?" मग मी खणातून त्यांच्यासाठी बाजूला ठेवलेलं पुस्तक काढून द्यायचो. बस्स, एवढंच. पण त्या एका वाक्यासाठी मी शनिवारची वाट बघायचो. "लांबी भरपूर, रुंदी बेताची," असं ते एखाद्या जाडजूड कादंबरीबद्दल सांगायचे. एका नामवंत लेखकाच्या आत्मचरित्राबद्दल म्हणाले होते, "शेवटची पन्नास पानं अतिक्रमण आहे." ते मला 'ग्रंथपाल' म्हणायचे. खरे ग्रंथपाल म्हणजे आमचे साहेब, आत काचेच्या खोलीत बसतात. मी मोजणीदारांची चूक दुरुस्त करणार होतो, पण दर वेळी काहीतरी राहून जायचं.

एका शनिवारी पुस्तक परत करताना ते म्हणाले, "डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, नजर उतरत चाललीय. औषध नाही. वाचायचं ते वाचून घ्या म्हणाले." हे त्यांनी पुस्तकाबद्दल बोलावं तशाच आवाजात सांगितलं. "तेव्हा ग्रंथपाल, आता फालतू काही देऊ नका," ते म्हणाले. "थोडकीच व्हायचीत. नीट निवडा. आज काय?"

त्या दिवसापासून मी खण नव्यानं लावला. काय आधी द्यायचं, काय मागून, याचा इतका विचार मी मुलीचं स्थळ बघताना केला नव्हता. एक पुस्तक मात्र मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. जुनी, लहानशी कादंबरी, आमच्याकडे एकच प्रत. दोन भाऊ एका घराच्या दोन भागांत राहतात, एकमेकांशी बोलत नाहीत, आणि मधल्या भिंतीतून एकमेकांचं खोकणं ऐकत म्हातारे होतात, अशी गोष्ट. ती मोजणीदारांसाठीच लिहिली गेली आहे अशी माझी खात्री होती. एकदा ते बोलून गेले होते, "मी उभा जन्म भावाभावांच्या मध्ये हद्दीचे दगड पुरण्यात घालवला." हे पुस्तक शेवटी द्यायचं, नजर जायच्या थोडं आधी, असं मी ठरवलं होतं. चांगला घास शेवटी खायची मला लहानपणापासून सवय. आई म्हणायची, मांजर घेऊन जाईल एक दिवस.

आता आमचे शेजारी. निवृत्त गृहस्थ आहेत. कशातून निवृत्त झाले ते त्यांनी कधी सांगितलेलं नाही, पण सल्ला देण्यातून झालेले नाहीत. मोजणीदारांचं 'अतिक्रमण' मी त्यांना मोठ्या कौतुकानं सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे एका माणसाला तुमची किंमत कळली. बाकीच्यांचं काय? अहो, गुण असून चालत नाही, मांडावा लागतो. कर्मचाऱ्यांच्या आवडीची पुस्तकं, सिनेमे, असं एक फडताळ करा. खाली तुमचा फोटो. वर नाव."

फोटोचं ऐकून मी जरा सावरून बसलो.

बायकोला सांगितलं तर ती कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "त्या मोजणीदारांना देताय ते छान चाललंय की. त्यात आणखी फडताळ कशाला?"

"लोकांना कळायला नको?"

"काय कळायला?"

या प्रश्नाचं उत्तर सुशिक्षित माणसाला देता येत नाही. मी वर्तमानपत्र उघडलं.

साहेबांच्या निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं, आणि ते कुठल्याही कागदावर सही न करता काढायचं असा त्यांचा संकल्प होता. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं. "कल्पना चांगली आहे," म्हणाले. "म्हणूनच विचारतो, माझ्या जागी येणाऱ्यासाठी ठेवता येणार नाही का?" मी ऐकेना, तेव्हा त्यांनी माझा कागद मुख्य कार्यालयाकडे धाडला. सही केली, पण इतकी बारीक की ती पेन घसरल्याची खूण म्हणूनही खपली असती.

मुख्य कार्यालयाकडून विचारणा आली. आवड म्हणजे नेमके काय? ती वैयक्तिक आहे की कार्यालयीन? वैयक्तिक असल्यास कार्यालयीन वेळेत का? कार्यालयीन असल्यास, कर्मचाऱ्याची बदली झाल्यावर आवड नव्या कर्मचाऱ्याकडे वर्ग होईल काय? मी पुष्कळ विचार करून कळवलं की आवड पदाशी निगडित राहील. तेव्हा माझ्या जागी पुढे जो कुणी येईल त्याला दोन भावांची कादंबरी आवडते, हे आजच ठरून गेलेलं आहे. बिचाऱ्याला अजून पत्ता नाही.

सहकाऱ्यांचीही आवड गोळा करायची होती. तिथे घोडं पेंड खाऊ लागलं. साहेबांनी सेवानियमांचं पुस्तक सुचवलं. शेवट गोड आहे म्हणाले. शेवटचं प्रकरण निवृत्तीचं आहे. आमचे बांधणीकार, म्हणजे फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे घालणारे, त्यांनी एका प्रवासवर्णनाचं नाव दिलं. "वाचलंय तुम्ही?" मी विचारलं. "वाचायला कशाला पाहिजे?" ते म्हणाले. "शिवण बघा. उघडलं की सपाट पडतं. अक्षर टपोरं. हाताला त्रास नाही, डोळ्याला त्रास नाही." नियतकालिकं आणि सिनेमाच्या तबकड्या सांभाळणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी एका सिनेमाचं नाव दिलं आणि खाली लिहिलं, 'सहकुटुंब पाहावा'. त्यात एक सासू संसाराला कंटाळून एकटीच जग बघायला निघते. मी स्वतः आठ दिवस खपून कादंबरीवर एक परिच्छेद लिहिला. त्यात भिंत होती, खोकला होता, माणसाच्या अबोल्याबद्दल दोन चांगली वाक्यं होती. मुख्य कार्यालयानं तो तपासून परत पाठवला तेव्हा त्याचं झालं होतं, 'सर्व वयोगटांसाठी उपयुक्त'.

फडताळ मात्र मंजूर झालं नाही. फडताळ हे नवीन सामान, आणि नव्या सामानाला बंदी. त्याऐवजी त्यांनी भांडारातलं एक काचेचं कपाट पाठवलं. पूर्वी त्यात खेळांच्या स्पर्धांतले करंडक असायचे. एक करंडक आत गंजून असा चिकटला होता की तो निघेचना, म्हणून तो कपाटाचाच भाग आहे असं कागदोपत्री मान्य झालं होतं. कपाटाच्या दारावर ठळक अक्षरांत छापलेली चिठ्ठी होती. 'कुलूपबंद. किल्ली मुख्य कार्यालयात. हात लावू नये.'

उद्घाटनाला तिकडून एक अधिकारी आले. कपाट उघडंच आणलं होतं. त्यांनी एकेकाची आवड आणि तिच्याबद्दलचं छापील कार्ड स्वतःच्या हातानं आत ठेवलं, टाळ्या झाल्या, दार लावलं आणि ते चहा न घेता गेले. माझी कादंबरी करंडकाला टेकून उभी होती. ती एकुलती एक प्रत आहे, मोजणीदारांना द्यायची आहे, हे मला त्या वेळी आठवत नव्हतं असं नाही. पण खोटं कशाला बोलू? शनिवारी ते येतील, काचेमागे ते पुस्तक बघतील, खाली माझा फोटो बघतील, असं मनात आलं आणि बरं वाटलं. दोन-चार आठवड्यांनी काढून देऊ, कुठे पळून जातंय, असा मी हिशेब केला.

कपाट ठेवायला जागा एकच होती, दारालगतची भिंत. त्या भिंतीवर आजवर आम्ही पुस्तकं परत न करणाऱ्या सभासदांचे फोटो लावत आलो होतो. ते फोटो काढून तिथे आमचे लागले. माझा फोटो ओळखपत्रावरचा, समोरून, कपाळावर घाम. दोन दिवसांत अख्ख्या वस्तीत झालं की वाचनालयातल्याच लोकांनी पुस्तकं लांबवली. मी घरी नसताना शेजारी आमच्याकडे येऊन गेले. "वहिनी, माणूस आहे, चुकतो," ते बायकोला म्हणाले. "पण परत करून टाकायला सांगा. शोधायला हवं असेल तर मी येतो माळ्यावर चढायला." ज्यांनी मला फोटो लावायला सांगितलं तेच हे गृहस्थ. बायको हसली नाही, हे मला जास्त लागलं. ती फक्त म्हणाली, "कळलं ना आता लोकांना?"

तरी उपक्रम चालला. बांधणीकारांच्या प्रवासवर्णनाच्या आणखी चार प्रती होत्या, त्या कायम बाहेर. बाईंच्या सिनेमाच्या दुसऱ्या तबकडीला तर रांग लागली. आणि त्या रांगेतूनच संकट आलं. एका सभासदानं बाईंना टेबलाशी विचारलं, "घरच्या सगळ्यांना चालेल ना?" बाई म्हणाल्या, "घेऊन जा, सासूबाईंना तर फारच आवडेल." सासूबाईंना आवडला. तिसऱ्या दिवशी त्या एक बॅग घेऊन घराबाहेर पडल्या आणि पोहोचल्याचं दुसऱ्या देशातून कळवलं. सभासदानं लेखी तक्रार केली. बाईंचं म्हणणं असं की सिनेमाचा उद्देश यापेक्षा जास्त सफल होणं शक्य नाही, पण मुख्य कार्यालयाचं मत वेगळं पडलं. आदेश आला. यापुढे कोणत्याही कर्मचाऱ्याने वाचकास तोंडी शिफारस करू नये. विचारणा झाल्यास 'कृपया मांडणी पाहावी' एवढेच सांगावे. आदेश पाळला जातो की नाही हे बघायला एक निरीक्षक आठवडाभर माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले.

त्या आठवड्यातही शनिवार होताच.

मोजणीदार आले. पिशवीतून पुस्तक काढताना त्यांचा हात टेबल चाचपत होता, हे मला दिसलं. पुस्तकाबद्दल म्हणाले, "बांधावरून चालणारा लेखक. इकडेही नाही, तिकडेही नाही." मग चष्मा वर सारून विचारलं, "आज काय?"

खणात त्यांचं पुस्तक तयार होतं. माझा हात खणाच्या मुठीपर्यंत गेलाही होता. निरीक्षकांनी पेनचं टोपण काढलं. फार काही नाही, फक्त टोपण काढलं. आणि मी म्हणालो, "कृपया मांडणी पाहावी."

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. ते थोडं हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले. कपाटाकडे गेले. ते इतके वाकले की नाक काचेला लागलं. एकेक कार्ड वाचायला त्यांना किती वेळ लागत होता ते मी टेबलावरून बघत होतो. माझ्या कार्डापाशी ते सगळ्यांत जास्त थांबले.

"सर्व वयोगटांसाठी उपयुक्त," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "हे तुम्ही लिहिलंत?"

"म्हणजे मूळ मी लिहिलं होतं," मी म्हणालो.

"मिळेल का हे?"

"कुलूप आहे. किल्ली मुख्य कार्यालयात असते."

"असं होय." ते परत टेबलाशी आले. "मला वाटायचं, तुम्ही माझ्यासाठी म्हणून निवडता," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मग त्यांनी बांधणीकारांच्या प्रवासवर्णनाची नुकतीच परत आलेली एक प्रत मागून घेतली. निरीक्षकांनी टोपण लावलं.

त्यानंतरचे शनिवार सांगण्यासारखे नाहीत. निरीक्षक गेले, पण मोजणीदारांनी मला परत 'आज काय?' विचारलं नाही. ते सरळ बांधणीकारांच्या खोलीत जायचे आणि सपाट पडणारं, टपोऱ्या अक्षराचं काय आहे ते विचारायचे. त्यांच्या डोळ्यांना तेच सोयीचं होतं, बांधणीकारांचा त्यात काही दोष नाही. पण मी दोन आठवडे बांधणीकारांशी बोललो नाही. एकदा धीर करून मी स्वतःच खणातलं पुस्तक पुढे केलं, तर मोजणीदार म्हणाले, "नको, तुम्हाला उगाच त्रास व्हायचा." इतक्या सभ्यपणे माझा अपमान आजवर कुणी केला नव्हता. आणि तो अपमान नव्हताच, त्यांना खरोखरच माझी काळजी वाटत होती, हे तर आणखी वाईट.

मी ठरवलं, ते पुस्तक बाहेर काढायचं. रीतसर. मी मुख्य कार्यालयाला किल्लीसाठी लिहिलं. उत्तर आलं की किल्ली भांडार शाखेत आहे. भांडार शाखेनं कळवलं की कपाट पूर्वी क्रीडा शाखेचं असल्यानं किल्ली क्रीडा शाखेकडे असावी. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून क्रीडा शाखेत गेलो. तिथल्या गृहस्थांना किल्लीबद्दल काही माहीत नव्हतं, पण करंडक परत मिळेल का असं त्यांनी मला विचारलं. मग पुन्हा भांडार. तिथे किल्ल्यांनी भरलेलं एक घमेलं माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "यात असेल तर बघा, पण इथून बाहेर नेता येणार नाही." किल्ली इथे, कपाट तिथे. कपाट इकडे आणता येईल का, असं विचारलं तर म्हणाले, "रिकामं करून आणा."

शेजाऱ्यांनी सल्ला दिला की वरपर्यंत जा. मी वरपर्यंत गेलो. वर जेवणाची सुट्टी होती.

घरी हे सगळं रोज सांगत होतोच. एक दिवस बायकोनं डोक्यातली पिन काढून माझ्यापुढे धरली. "यानं उघडतं बघा. माझ्या माहेरचं कपाट मी असंच उघडायचे."

"मी काय चोर आहे?" मी म्हणालो.

"फोटो तर लागलाच आहे."

मी ताटावरून उठलो. मी नियमानं जाणारा माणूस आहे. नोकरीत माझ्यावर कधी ठपका आलेला नाही. केसातल्या पिनेनं सरकारी कपाट उघडण्याइतका मी खाली उतरलेलो नाही, असं मी तिला ऐकवलं. तिनं पिन परत डोक्यात खोचली आणि विचारलं, "आणि त्यांच्या डोळ्यांचं काय? ते पण अर्ज करून थांबलेत का?" दुसऱ्या दिवशी मी आणखी एक स्मरणपत्र लिहिलं.

मग एका शनिवारी मोजणीदार आले नाहीत. पुढच्याही नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांची सून आली. तीच कापडी पिशवी. पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाली, "हे बाबांचं. अर्धंच झालं. आता त्यांना अक्षर दिसत नाही. माणूस दिसतो, पण पुसटसा." मी शिक्का हातात धरून बसलो होतो. ती जायला वळली आणि पुन्हा थांबली. "ते विचारत होते, ते काचेतलं पुस्तक निघालं का म्हणून. मी म्हटलं विचारून येते."

मी नाही म्हणून मान हलवली.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी काही सांगितलं नाही, पण बायकोला माझ्या जेवणावरून कळतं. सोमवारी वाचनालय उघडायच्या वेळेला ती माझ्याबरोबर निघाली. आत आली, कपाटासमोर उभी राहिली, माझ्या फोटोकडे एकदा बघितलं, आणि डोक्यातली पिन काढली. साहेब आपल्या खोलीतून बाहेर आले, काय चाललंय ते बघितलं आणि न बघितल्यासारखं करून परत आत गेले. बांधणीकार आणि बाई येऊन उभे राहिले. मी म्हणालो, "थांब जरा." ती थांबली नाही. पिन घालण्याआधी दार किती घट्ट आहे ते बघायला तिनं मूठ धरून ओढलं.

दार उघडलं.

"अहो, हे उघडंच आहे," ती म्हणाली.

कपाटाला कुलूप नव्हतंच. म्हणजे भोक होतं, आत कुलूप नव्हतं. अधिकाऱ्यांनी उद्घाटनाला दार नुसतं लोटलं होतं. चिठ्ठी करंडकांच्या काळातली. इतके महिने आम्ही सगळे त्याच्या पुढून ये-जा करत होतो. ज्या माणसांचा जन्म पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवण्यात गेला, त्यांना चिठ्ठीवर लिहिलेलं खोटं असू शकतं हे सुचतच नाही. आम्ही आधी चिठ्ठी वाचतो, आणि मग वस्तूकडे बघायचं कारण उरत नाही. बांधणीकार, बाई, मी, कुणीही एकदा ओढून बघितलं नव्हतं. मी किल्लीसाठी तीन शाखा पालथ्या घातल्या, पण हात पुढे करून मूठ धरली नव्हती. हात लावू नये असं लिहिलं होतं.

बायकोला वाटलं मी आता तिच्यावर चिडणार. तिनं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाली, "जा आता."

मी पुस्तकावर शिक्का मारला. तोही सवयीनंच. आणि रजा न टाकता निघालो, हे माझ्या नोकरीत पहिल्यांदाच घडलं.

मोजणीदार खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. पावलं ऐकून त्यांनी मान वळवली, माझ्या थोडं बाजूला बघितलं. सुनेनं सांगितलं कोण आलंय ते. "या, ग्रंथपाल," ते म्हणाले.

बसल्या बसल्या मला वाटलं, निदान एक गोष्ट तरी सरळ करावी. "मी ग्रंथपाल नाही," मी म्हणालो. "सहायक आहे."

"ठाऊक आहे. तुमच्या टेबलावर पाटी आहे. पहिल्याच दिवशी वाचली होती."

"मग ग्रंथपाल का म्हणायचात?"

"पुस्तक तुम्ही द्यायचात ना," ते म्हणाले.

मी पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते उघडलं, पानांवरून बोट फिरवलं, जाडी अंगठ्यानं मोजली आणि मला परत दिलं. "लांबी बेताची आहे," म्हणाले. "वाचा तुम्हीच."

मी वाचायला लागलो. मला मोठ्यानं वाचायची सवय नाही. मी भरभर वाचलं तर ते म्हणायचे, "हळू, तुम्ही वाटेतले दगड वगळताय." हळू वाचलं तर म्हणायचे, "झोप येते." पण थोड्या वेळानं ते टोकायचे थांबले. त्या दिवशी थोडं झालं, पुढच्या दिवसांत आणखी. मी कार्यालयातून परस्पर त्यांच्याकडे जायचो, सून चहा ठेवून जायची. धाकटा भाऊ आजारी पडतो तिथवर आलो. भिंतीपलीकडचं खोकणं रोज ऐकू येतं, आणि एका सकाळी ते ऐकू येत नाही. थोरला भाऊ भिंतीला कान लावून उभा राहतो. ते पान माझं पाठ आहे. माझ्या परिच्छेदात त्यावरच दोन वाक्यं होती.

"थांबा," मोजणीदार म्हणाले.

मी थांबलो. त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर होते. तोंड खिडकीकडे.

"हे आधी द्यायला हवं होतं," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो. मांडणीत होतं, आदेश होता, शेवटी द्यायचं असं ठरवलं होतं, यातलं काही मी बोललो नाही. बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"तुम्ही चांगलं वाचताय, तसं नाही," ते म्हणाले. "पण हे एकट्यानं वाचायचं पुस्तक आहे. समोर माणूस बसला की जमत नाही." त्यांनी हातानं दाराकडे खूण केली. "जरा बाहेर जाऊन बसता का? मी बोलावतो."

मी पुस्तकात बोट घालून उठलो. बाहेर पायरीवर येऊन बसलो. सुनेनं दारातून बघितलं आणि ती आत गेली. माझ्या मागे दार होतं आणि दारामागून काहीच ऐकू येत नव्हतं. मी ते पान उघडून मनातल्या मनात पुन्हा वाचायला लागलो, पण मलाही ते नीट दिसेना. म्हणून मग पुस्तक मिटून ते बोलावतील तोवर तिथेच बसून राहिलो.